कामगाराची सायकल, ओले कपडे आणि कारखान्याची पडवी



पेडणे हा गोव्याच्या उत्तर टोकाचा तालुका. उत्तरेस तेरेखोल नदी, दक्षिणेस शापोरा नदी, पश्चिमेस समुद्र आणि मध्ये भातशेतीच्या खलाट्या, माडांच्या बागा व जांभ्या दगडाचे सडे. शेती, बागायत आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या या तालुक्यात गेल्या काही दशकांत कारखान्याचा भोंगा ऐकू येऊ लागला. तुये येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली. ११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी धारगळच्या आयुर्वेद संस्थानाचे आणि मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, व ५ जानेवारी २०२३ पासून मोपाहून विमानांची ये-जा सुरू झाली. कामाच्या जागा वाढल्या, तशी कामावर येणाऱ्यांची वर्दळही वाढली. पार्से, आगरवाडा, चोपडे, मांद्रे, विर्नोडा, कोरगाव येथून माणसे निघतात. तेरेखोलपलीकडच्या सातार्डा आणि आरोंदा या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील गावांतूनही पूल ओलांडून येतात.

यांपैकी पुष्कळांचे घर कामाच्या जागेपासून सात-आठ किलोमीटरांच्या आत आहे. हे अंतर सायकलचे आहे. बेताच्या वेगाने जाणारा मनुष्य ते पाऊण तासात सहज तोडतो. पहिल्या पाळीला भल्या पहाटे निघावे लागते, दुसरी पाळी रात्री सुटते. त्या वेळी हाताशी बस असतेच असे नाही. २०११ च्या जनगणनेत घरगुती उद्योग व शेती सोडून इतर काम करणाऱ्यांच्या प्रवासाची नोंद झाली, तेव्हा देशभरात त्यांतील सुमारे १३ टक्के लोक सायकलने कामावर जात असल्याचे आढळले. म्हणजे सायकल हे केवळ शाळकरी मुलांचे वाहन नव्हे. तरीही कारखान्याचा नकाशा काढताना मोटारींच्या जागा आधी आखल्या जातात, दुचाकींच्या त्यानंतर, आणि सायकलींना कुंपणालगतचा एखादा तुकडा मिळाला तर मिळतो.

आजचा विषय सायकल ठेवण्याच्या जागेचा आहे, परंतु त्याहून अधिक सायकलवरून उतरलेल्या माणसाचा आहे. तो उतरला, सायकलला कुलूप लावले, येथवर ठीक. पुढे काय? पौष-माघात पुढे काही नाही. फार तर घाम पुसावा आणि कामाला लागावे. परंतु गोव्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. रेनकोट कितीही चांगला असो, सायकल चालविणाऱ्याचे गुडघ्याखालचे कपडे भिजतात, पायताणांत पाणी शिरते, मागच्या चाकाचा चिखल पाठीवर उडतो. आणि रेनकोटाच्या आतला माणूस आपल्याच घामाने भिजतो तो निराळाच. असा मनुष्य आठ तास ओल्या कपड्यांत यंत्रापुढे उभा राहतो. संध्याकाळी घरी गेल्यावर तेच कपडे वाळत घालावे, तर सकाळपर्यंत ते वाळत नाहीत.

याचे परिणाम किरकोळ समजण्याचे कारण नाही. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, जांघेत व काखेत गजकर्ण पसरते; ओल आणि दमटपणा यांवरच या व्याधी पोसतात. ओल्या पायांनी विजेच्या फळीजवळ वावरणे धोक्याचे, हे सांगावयास नकोच. जेथे कपडे वाळविण्याची सोय नाही तेथे ते कोठेतरी वाळविले जातातच: गरम नळावर, यंत्राच्या पाठीमागे, पंख्याच्या जाळीवर. सुरक्षा-निरीक्षक ते पाहतो आणि कामगाराला दोष देतो. दोष खरे तर खुंटीच्या अभावाचा असतो.

कायद्याने हा विषय फार पूर्वीच ओळखला होता, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४२ व्या कलमात हात-पाय धुण्याची पुरेशी सोय, तीही स्त्रिया व पुरुष यांच्यासाठी वेगळी व आडोशाची, सांगितलेली होती. त्यापुढच्याच ४३ व्या कलमात कामाच्या वेळी न वापरावयाचे कपडे ठेवण्यासाठी आणि ओले कपडे वाळविण्यासाठी जागा असावी असे नियम करण्याचा अधिकार राज्य शासनांना दिलेला होता. अधिकार होता, सक्ती नव्हती. म्हणून हे कलम बहुतेक ठिकाणी पुस्तकातच राहिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० च्या २४ व्या कलमात हात-पाय धुण्याची सोय, स्नानाची जागा, लॉकरची खोली, कपडे ठेवण्याची व ओले कपडे वाळविण्याची जागा या गोष्टी पुन्हा आलेल्या आहेत. शासनाने विहित केलेल्या अशा सोयी पुरविण्याची जबाबदारी तेथे मालकावर टाकलेली आहे. सायकलचे नाव दोन्ही ठिकाणी नाही. परंतु 'ओले कपडे' हे शब्द वाचताना कोकणातील माणसाच्या डोळ्यांपुढे सर्वप्रथम कोण येईल, हे वेगळे सांगावयास नको.

औषधांच्या कारखान्यांत कपडे बदलण्याची खोली असतेच, कारण औषधनिर्मितीच्या नियमांतील 'शेड्यूल एम' ती मागते. तेथे काळजी मुख्यतः औषधाच्या शुद्धतेची असते. कामगाराला त्या खोलीचा लाभ होतो तो ओघाने. गोळीला जी काळजी मिळते ती गोळी करणाऱ्यालाही मिळावी, एवढीच अपेक्षा आहे.

आता ही सोय करावयाची तर तिचा नमुना कोठून आणावा? परदेशी पुस्तकांकडे वळण्याआधी पेडण्याच्या जुन्या घराकडे पाहावे. अंगणातून आत येताना पाय धुण्यासाठी पाणी ठेवलेले असे. पडवीत भिजलेली घोंगडी, इरली व काठ्या यांची जागा ठरलेली असे. ओले इरले घेऊन कोणी माजघरात जात नसे. आणि मागच्या बाजूस न्हाणी. तेथे चुलीवर पाण्याचे भाण चढविलेले, आणि त्या चुलीच्या उबेत, वर टांगलेल्या बांबूच्या दांडीवर, श्रावणातल्या झडीतही धोतरे आणि लुगडी सुकत. पाणी तापविण्यासाठी जाळलेल्या लाकडांची ऊब फुकट जाऊ दिली जात नसे. एका चुलीने स्नानही होई आणि कपडेही वाळत. पाय धुणे, ओले बाहेर ठेवणे, अंग धुणे आणि वाया जाणाऱ्या उबेवर वाळविणे या चार पायऱ्या त्या घराने क्रमाने मांडल्या होत्या. कारखान्याने त्यांची फक्त नक्कल करावयाची आहे.

पहिली पायरी सायकलची. सायकलचे पुढचे चाक खाचेत अडकविणारे जे ठेंगणे लोखंडी सांगाडे सर्वत्र दिसतात ते चांगले नव्हेत. धक्का लागला की सायकल कलंडते आणि सारा भार चाकावर येऊन रिम वाकते. त्याऐवजी उलट्या 'यू' अक्षरासारखी नळीची कमान जमिनीत रोवावी. इंग्लंडातील एका शहराच्या नावावरून तिला शेफील्ड स्टँड म्हणतात. सायकल तिला अंगाने टेकून उभी राहते व सांगाड्यासह कुलूपबंद करता येते. दोन्ही बाजूंस एकेक याप्रमाणे एका कमानीला दोन सायकली लागतात. दोन कमानींत एक मीटर अंतर ठेवावे, सायकलच्या लांबीसाठी दोन मीटर आणि मागे वावरावयास पावणेदोन ते दोन मीटर मोकळे सोडावे. तीस सायकलींसाठी पंधरा कमानी, म्हणजे सुमारे पंधरा मीटर लांब व चार मीटर रुंद जागा झाली. एवढ्या जागेत, वाट धरली नाही तरी, पाचांहून अधिक मोटारी मावत नाहीत.

छप्पर हवेच, आणि ते रुंद हवे. कोकणातला पाऊस सरळ पडत नाही, तो वाऱ्याबरोबर आडवा शिरतो. तेव्हा नैर्ऋत्येकडील बाजूस चिऱ्याची कंबरेइतकी भिंत व त्यावर जाळी असावी, आणि पागोळ्यांचे पाणी जाण्यासाठी गटार असावे. मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्याजवळच्या गावांत खारा वारा साधे लोखंड फार दिवस टिकू देत नाही. तेथे जस्ताचा मुलामा दिलेल्या नळ्याच वापराव्या. हवा भरावयाचा पंप, दोन पाने आणि पंक्चरचे साहित्य पहारेकऱ्याच्या खोलीत ठेवण्यास खर्च फारसा नाही. दिवा मात्र चांगला हवा. दुसरी पाळी सुटते तेव्हा अंधारात साखळीचे कुलूप चाचपडणाऱ्या कामगार भगिनीला तो दिवा किती मोलाचा, हे दिवसपाळीच्या अधिकाऱ्यास सहसा कळत नाही. आणि ही जागा दारापासून लांब, भंगाराच्या ढिगामागे नसावी. मोटारीतून येणारा पोर्चमध्ये कोरडा उतरतो आणि सायकलवाला चिखलातून दोनशे पावले चालतो, असा क्रम फार ठिकाणी आहे. तो उलटा केला तर कोणाचेच बिघडणार नाही.

नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे रेल्वे स्थानकाखाली १२,५०० सायकलींचा तळ २०१९ साली पुरा झाला. त्याची छायाचित्रे पाहून माणसे थक्क होतात. परंतु तेथील थाटाचे अनुकरण येथे नको. सायकल कोरडी, सुरक्षित आणि दाराजवळ असावी, एवढेच तेथून घ्यावे.

दुसरी बाब पाण्याची. 'लीड' या अमेरिकी मानांकनाच्या चौथ्या आवृत्तीत इमारतीतील पहिल्या शंभर नियमित माणसांमागे एक शॉवर आणि पुढच्या प्रत्येक दीडशेंमागे आणखी एक, असे प्रमाण आहे. ते कचेऱ्यांसाठी ठीक असेल; तेथे कोणी नवास येतो, कोणी साडेनवास. कारखान्याची पाळी तशी नसते. तीस सायकलस्वार एकाच पंधरा मिनिटांत येतात. प्रत्येकाने पाच मिनिटे घेतली तर दहा स्नानगृहे लागतील, आणि ती कोणी बांधणार नाही. म्हणून मार्ग वेगळा काढावा. बहुतेकांना पूर्ण स्नान नको असते. हात-पाय-तोंड धुवावयाचे असते. त्यासाठी आठ-दहा नळांची एक लांब मोरी असावी, आणि त्यातील निम्मे नळ पाय धुता येतील इतके खाली असावे. पूर्ण स्नानासाठी दोन-तीन न्हाण्या पुरतात. त्यांत शॉवर नसला तरी चालेल. बादली आणि तांब्या आपल्या लोकांच्या हातवळणीचे आहेत, पाणीही कमी लागते आणि बिघडण्यासारखे त्यात काही नाही. फरशी मात्र गुळगुळीत नको. खडबडीत शहाबादी किंवा घडीव जांभा पायांस घट्ट धरतो.

तिसरी बाब वाळविण्याची, आणि सगळी सोय टिकते की बुडते ते येथेच ठरते. पावसाळ्यात किनारपट्टीवर हवेतील दमटपणा वारंवार नव्वद टक्क्यांच्या आसपास असतो. अशा हवेत कापड नुसते टांगून वाळत नाही. त्याला थोडी ऊब द्यावी लागते आणि दमट हवा बाहेर काढावी लागते. जर्मनीच्या रुर खोऱ्यातील कोळसा खाणींत (शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली) यासाठी एक नामी युक्ती होती. उंच छताच्या दालनात प्रत्येक खाणकामगाराची स्वतःची साखळी असे. तिच्या टोकाच्या आकड्यांवर कपडे अडकवून ती छतापर्यंत ओढावयाची आणि खाली कुलूप लावावयाचे. वर साचणाऱ्या उबदार हवेत कपडे वाळत, चोरीस जात नसत आणि खालची जमीन मोकळी राहत असे. पेडण्याच्या न्हाणीतील बांबूची दांडी आणि रुरची साखळी या दोहोंमागील विचार एकच आहे. आपल्याकडेही कोळसा खाणींसाठी १९५९ मध्ये खाणीच्या तोंडाशी स्नानगृहे ठेवण्याविषयी नियम झाले होते.

साधारण चाळीस कामगारांसाठी तीन मीटर रुंद व चार मीटर लांब अशी खोली पुरे. तिच्यात डोक्याच्या उंचीवर नळ्यांच्या आडव्या रांगा असाव्या. दोन रांगांमधून माणूस जाईल एवढे अंतर असावे. एका भिंतीत जमिनीलगत हवा आत येण्याची झडप आणि समोरच्या भिंतीत छतालगत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा. खाली उतरती फरशी व मोरी हवी, कारण रेनकोटांतून पाणी गळणारच. ऊब कोठून आणावयाची? बहुतेक कारखान्यांत ती आधीच असते आणि वाया जाते. हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा फार मोठा भाग उष्णतेच्या रूपानेच बाहेर पडतो. यंत्र थंड करून आलेली स्वच्छ हवा पत्र्याच्या नळकांड्याने या खोलीत सोडली तर नव्या विजेचा खर्च जवळजवळ नाही. बाष्पक असेल तर त्याच्या खोलीशी सामाईक भिंत ठेवली तरी काम होते. तेलाची वाफ किंवा रसायनाचा वास असलेली हवा मात्र कदापि आणू नये. तसेच उघड्या तारेच्या शेगड्या आणि मोठे दिवे यांवर कपडे सुकविण्याचा मोह टाळावा. त्यांतून आग लागते. विजेवर चालणाऱ्या सायकलींच्या बॅटऱ्या भारित करण्याची जागाही या खोलीपासून दूर, मोकळ्या हवेत असावी.

कपाटांविषयी थोडक्यात. कप्प्याला वर-खाली हवेची छिद्रे असावी, त्याचा पाया जमिनीपासून वीतभर उंच असावा आणि माथा उतरता असावा, म्हणजे वर बाटल्या व जुने जोडे साचत नाहीत. ओला रेनकोट कप्प्यात ठेवू देऊ नये. तो वाळवणाच्या खोलीतच गेला पाहिजे. नाही तर दोन आठवड्यांत बुरशीचा वास येतो आणि लोक ती जागा सोडून देतात.

स्त्रियांच्या सोयीचा विचार वेगळा करावयास हवा. पुरुषांच्या खोलीचा एक कोपरा पडद्याने तोडून दिला की झाले, अशी समजूत दिसते. साडी किंवा सलवार-कमीज बदलणाऱ्या स्त्रीला हात पसरण्याइतकी जागा, जमिनीपासून छतापर्यंत भिंत, आतून पक्की कडी आणि कोरडी फळी लागते. खुंट्या दोन लागतात, एक उतरलेल्या ओल्या कपड्यांसाठी आणि एक कोरड्या कपड्यांसाठी. फार ठिकाणी खुंटी एकच असते. ती ठोकणाऱ्याने तेथे कधी कपडे बदललेले नसतात, एवढेच त्यातून कळते. झरोके उंचावर असावे आणि दरवाजा वर्दळीच्या वाटेवर उघडू नये, पण निर्जन बोळातही नसावा. नकाशा पक्का करण्यापूर्वी तो दोन-चार कामगार भगिनींना दाखविला तर पुढची तोडफोड वाचेल.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: "आमच्याकडे सायकलने येतो कोण?" जुलै महिन्यात दाराशी उभे राहून मोजले तर उत्तर खरेच 'फारसे कोणी नाही' असे येईल. परंतु ज्या महिन्यात भिजलेल्याला कपडे बदलावयास जागा नाही, त्याच महिन्यात मोजणी करून जागेची गरज नाही असे ठरविणे हा न्याय विचित्र आहे. मोजणी दोनदा करावी, एकदा डिसेंबरात आणि एकदा जुलैत. दोन आकड्यांमधील तफावत म्हणजेच या सोयीच्या अभावी सायकल सोडणारी माणसे. त्यांतील कोणी बसच्या वेळेशी झगडतो, कोणी उसनवारी करून स्कूटर घेतो आणि पगाराचा एक भाग हप्ता व पेट्रोल यांत घालवितो, कोणी महामार्गावरून दुसऱ्याच्या दुचाकीवर तिसरा म्हणून बसतो. काहींची उशिराच्या हजेरीत नोंद होते. ही नोंद मात्र कारखाना इमानेइतबारे ठेवतो.

दुसरा आक्षेप लहान कारखानदारांचा, आणि तो रास्त आहे. दहा-बारा माणसांच्या शेडमध्ये वाळवणाची खोली कोठून आणावी? त्यांनी एकट्याने आणू नये. लागून असलेल्या तीन-चार शेडनी मिळून एक मोरी, दोन न्हाण्या व एक वाळवणाची खोली बांधावी. सायकली मात्र ज्याच्या त्याच्या शेडपाशीच राहू द्याव्या. संपूर्ण वसाहतीसाठी प्रवेशद्वाराशी एकच मोठी सोय करण्याची कल्पना कागदावर आकर्षक दिसते, परंतु तेथे कपडे बदलून शेडपर्यंत पुन्हा पावसातून जावयाचे असेल तर सारा खटाटोप फुकट.

किल्लीचाही प्रश्न आहे. चांगली बांधलेली खोली कुलूपबंद असते, किल्ली भांडारपालाकडे असते आणि भांडारपाल नऊ वाजता येतो, असे झाले तर पहिल्या पाळीच्या दृष्टीने ती खोली नाहीच. खोली पाळीच्या अर्धा तास आधी उघडणे, मोरी रोज धुणे आणि पंखा चालू आहे हे पाहणे ही कामे कोणा एकाच्या नावावर लेखी असावी. त्याच्या रजेच्या दिवशी ती कोण करील, तेही लिहून ठेवावे.

काळाविषयी शेवटी एक गोष्ट. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास निघते. चिऱ्याचे बांधकाम, कौले किंवा पत्रे, नळकाम आणि गिलावा सुकणे यांस, गवंडी वेळेवर मिळाले तर, दोन ते अडीच महिने लागतात. आणि मे महिन्यात गवंडी मिळत नाहीत, कारण गावोगाव घरांची शाकारणी चालू असते. तेव्हा नकाशा शिमग्यापूर्वी मंजूर झालेला असावा आणि पाया शिमगा संपताच खोदावयास घ्यावा.